जमिनीकडे तोंड केलेला कर्णा

रेबेका बेलमोर या कॅनडातल्या अनिशिनाबे समाजातल्या कलावंत. ओंटारियो प्रांतातल्या अप्साला या छोट्या गावी 1960 साली त्यांचा जन्म झाला. लॅक सूल फर्स्ट नेशन हा त्यांचा मूळ समुदाय. परफॉर्मन्स, मांडणशिल्प, शिल्प, छायाचित्र आणि व्हिडिओ अशी अनेक माध्यमं त्या जवळजवळ चार दशकं हाताळत आहेत, आणि बहुतेक ठिकाणी स्वतःचं शरीर हेच त्यांचं पहिलं साधन आहे. त्यांच्या कामाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी इथे समोरासमोर ठेवल्या आहेत. मावशींनी डहाणू तालुक्यातल्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली. भाची टोरांटोत राहते. तिथल्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारियोत 2018 साली भरलेलं बेलमोर यांचं मोठं प्रदर्शन तिनं पाहिलं आहे. दोघींचं एकमत व्हावं असा आग्रह नाही. वाडवडिलांच्या संस्कृतीचं आजच्या कलेत काय करायचं, हा प्रश्न मात्र दोघींच्याही जिव्हाळ्याचा आहे.

मावशी : तू पाठवलंस ते सगळं पाहिलं. स्पष्ट बोलते. बाईंच्या धैर्याबद्दल शंकाच नाही. पण गोठवणाऱ्या थंडीत जमिनीवर बसून राहणं ही कला कशी गं? आपण त्याला धरणं म्हणतो, सत्याग्रह म्हणतो. त्याला तेवढाच मान द्यावा. कला कशाला म्हणायचं?

भाची : जानेवारी 1988 मधलं काम म्हणतेस तू. त्या वर्षी कॅलगरीला हिवाळी ऑलिंपिक होतं. त्यानिमित्त तिथल्या ग्लेनबो संग्रहालयानं ‘द स्पिरिट सिंग्ज’ नावाचं भव्य प्रदर्शन मांडलं. आदिवासींच्या शेकडो जुन्या वस्तू, त्यांतल्या कितीतरी युरोपातल्या संग्रहालयांतून उसन्या आणलेल्या. पैसा शेल या तेल कंपनीचा. आणि अल्बर्टातले लुबिकॉन क्री लोक ज्या जमिनीवर हक्क सांगत होते, तिथं तेल काढणाऱ्यांत ही कंपनीही होती. म्हणून लुबिकॉन लोकांनी प्रदर्शनावर बहिष्कार टाकायची हाक दिली. ऑलिंपिकची मशाल थंडर बे शहरातून जाणार होती. तेव्हा बेलमोर तिथल्या कलादालनाबाहेर जमिनीवर जाऊन बसल्या. उणे 22 अंश तापमान, दोन तास.

मावशी : म्हणजे मी म्हणते तेच. निषेध.

भाची : निषेध तर आहेच. पण कामाचं नाव बघ ना, ‘आर्टिफॅक्ट 671बी’. संग्रहालयाच्या नोंदवहीत वस्तूला असतो तसा क्रमांक त्यांनी स्वतःला लावून घेतला. म्हणजे पूर्वजांचे मोकासिन जोडे, टोपल्या, मुखवटे आत उबेला, काचेमागे, जपून ठेवलेले. आणि त्याच लोकांची जिवंत लेक बाहेर कुडकुडते आहे, जणू तीही एक नोंदवलेली वस्तू. धरण्याला बसलेला माणूस मागणी मांडतो. बेलमोर यांनी पाहणाऱ्याच्या नजरेसमोर एक मांडणी उभी केली आणि ती पूर्ण करायचं काम त्याच्यावर सोडलं. आदल्याच वर्षी सॅन डिएगोच्या संग्रहालयात जेम्स लूना हा लुइसेन्यो कलावंत स्वतः काचपेटीत आडवा झाला होता. त्यानं संग्रहालयाच्या आत जाऊन जे विचारलं, तेच बेलमोर यांनी दाराबाहेर बसून विचारलं : आमच्या वस्तू तुम्हाला हव्यात, मग आम्ही का नकोत?

मावशी : प्रश्न बिनतोड आहे. पण त्यानं झालं काय? प्रदर्शन तर पार पडलंच ना?

भाची : पडलं. पण त्या वादातूनच कॅनडातल्या संग्रहालयांची संघटना आणि असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स यांनी मिळून एक कार्यगट नेमला. 1992 मध्ये त्याचा अहवाल आला. वस्तू परत करणं, प्रदर्शन ठरवताना त्या समाजाला बरोबरीनं घेणं, ही तत्त्वं तिथून कॅनडातल्या संग्रहालयांत रुजायला लागली. याचं श्रेय एकट्या बेलमोर यांना देणार नाही मी. लुबिकॉन लोकांचा बहिष्कार, अनेकांची आंदोलनं, लेखन, सगळं त्यात आहे. आणि खुद्द लुबिकॉन लोकांना जमिनीचा करार मिळायला 2018 साल उजाडलं. 246 चौरस किलोमीटर जमीन आणि भरपाई. तीस वर्षं गेली मध्ये.

मावशी : तीस वर्षं! म्हणजे कलेनं जमीन मिळत नाही. बरं, आता माझा दुसरा मुद्दा, आणि तो मला जास्त टोचतो. मी डहाणूत शिकवलं. लग्नाचा चौक मी माझ्या डोळ्यांनी लिहिताना पाहिला आहे. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाशिणी चौक लिहितात, मध्ये पालघाट देवी, आणि धवलेरी गाणी म्हणते. तो चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. तो चौक म्हणजे सजावट नाही, त्यानं काम होतं. 1970 नंतर तेच चित्र कागदावर आलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंची प्रतिभा मोठीच. ते पॅरिसला 1989 च्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात पोचले, 2011 मध्ये पद्मश्री झाले, याचा मला अभिमान आहे. पण त्यांच्यामागून काय आलं? कपांवर वारली, कुर्त्यांवर वारली, हॉटेलच्या भिंतीवर वारली. नाचणारी माणसं राहिली, पालघाट गेली. आदिवासींची परंपरा दालनात आली की तिचं हेच होतं. मग बेलमोर बाई वेगळं काय करताहेत?

भाची : मावशी, मी तुला त्यांची कामं पाठवली ती याच प्रश्नासाठी. बेलमोर यांनी नक्षी कधी विकायला काढली नाही. कुणी कपावर छापावं असं त्यांच्या कामात काही सापडत नाही. 1990 च्या उन्हाळ्यात क्वेबेकमध्ये ओका इथं काय घडलं ते आठव. गोल्फचं मैदान वाढवण्यासाठी मोहॉक लोकांची पाइनची राई आणि दफनभूमीची जागा घ्यायचं ठरलं. लोकांनी रस्ता अडवला. 78 दिवस पेच चालला, शेवटी सैन्य आलं. पुढच्या वर्षी बेलमोर यांनी लाकडाचा एक प्रचंड कर्णा बनवला. लाकूड, कातडं, तोंडाचा घेर माणूस मावेल एवढा. त्याचं नाव इंग्रजीत ‘स्पीकिंग टू देअर मदर’, आणि त्याआधी आदिवासी भाषेतलं मोठं नाव. बॅन्फच्या डोंगरांत पहिल्यांदा लोक जमले आणि एकेकानं त्या कर्ण्यातून थेट जमिनीला उद्देशून बोलायला सुरुवात केली. मग तो कर्णा वस्तीवस्तीत फिरला.

मावशी : सरकारला उद्देशून नाही?

भाची : नाही, जमिनीलाच. आंदोलनातला कर्णा नेहमी सत्तेकडे वळलेला असतो. इथं तोंड वळवलंय जमिनीकडे, आईकडे. लोकांनी आपापल्या भाषेत सांगितलं, कुणी रडलं, कुणी माफी मागितली. बेलमोर यांनी पूर्वजांच्या कुठल्या पवित्र वस्तूची नक्कल केली नाही, कुठला विधी दालनात आणला नाही. जमिनीशी नातं मानून तिच्याशी बोलायचं ही जुनी रीत घेतली आणि तिच्यासाठी एक नवं साधन घडवलं. तू चौकाबद्दल म्हणालीस ना, तो काम करतो? या कर्ण्यानंही काम केलं. तो आता बॅन्फच्या कलासंग्रहात आहे, पण त्यानंतरही तो पुन्हापुन्हा बाहेर काढला गेला, लोकांनी त्यातून बोलावं म्हणून.

मावशी : हे मला पटण्यासारखं आहे. पण थांब, चटकन होकार देत नाही. त्या जमिनीशी त्यांचं स्वतःचं नातं काय? शहरातल्या कलावंताला जमीन फार गोड वाटते लांबून.

भाची : लॅक सूल म्हणजे वायव्य ओंटारियोतलं मोठं तळं. 1929 मध्ये विनिपेग शहराच्या विजेसाठी तिथं इअर फॉल्सला धरण बांधलं आणि पाणी चढलं. राखीव जमिनीचा जवळजवळ पाचवा हिस्सा, सगळ्यात चांगला, बुडाला. घरं बुडाली, बागा बुडाल्या, रानभाताची शेतं आणि कबरी गेल्या. लोकांना विचारलंच नव्हतं, तेव्हा भरपाईही मिळाली नव्हती. हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2021 मध्ये न्यायालयानं सांगितलं की खालच्या न्यायालयानं ठरवलेली तीन कोटी डॉलरची भरपाई पुरेशी नाही, वीज निर्माण करण्यासाठी त्या जमिनीची जी किंमत होती तीही धरावी लागेल.

मावशी : म्हणजे धरणग्रस्तांच्या घरातली लेक.

भाची : हो. आणि तिचं शिक्षणही घरापासून तुटून. अनेक उन्हाळे आजीआजोबांकडे गेले, पण माध्यमिक शाळेसाठी थंडर बेला पाठवलं आणि एका बिगर-आदिवासी कुटुंबात राहायला ठेवलं. त्या देशात आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळांनी कित्येक पिढ्यांच्या तोंडची भाषा काढून घेतली. 1884 साली कायद्यात दुरुस्ती करून पश्चिम किनाऱ्यावरचा पॉटलॅच विधी बेकायदा ठरवला, पुढे आणखी काही समारंभांवरही बंदी आली, आणि ती 1951 पर्यंत टिकली. ज्या देशात समारंभ करणं हाच गुन्हा होता, तिथं एखाद्या आदिवासी बाईनं लोकांसमोर उभं राहून स्वतःच्या शरीरानं काही करणं याला वेगळं वजन येतं. नाच-गाणं-विधी बंद केले तेव्हा शरीरालाच बंदी घातली होती. बेलमोर तिथूनच सुरुवात करतात.

मावशी : चांगलं मांडलंस. पण माझ्यातली चित्रकलेची शिक्षिका अजून गप्प बसली नाही. हात कुठे आहे यात? कारागिरी? हेतू थोर असला म्हणून रेषेत जान येत नाही.

भाची : मग ‘फ्रिंज’ पुन्हा पाहा. 2007 चं काम, मोठ्या उजळ पेटीवर लावलेलं छायाचित्र. पांढऱ्या कापडावर एक स्त्री पाठमोरी, कुशीवर पहुडलेली.

मावशी : ते मी विसरू शकत नाही. पाठीवर खांद्यापासून कंबरेपर्यंत तिरकी जखम, टाके घातलेली, आणि टाक्यांतून लाल मण्यांचे धागे लोंबताहेत. आधी वाटतं रक्त ओघळतंय. मग दिसतात मणी.

भाची : जखम रंगभूषेनं केलेली आहे आणि मणिकाम अनिशिनाबे स्त्रियांचं पिढ्यानपिढ्यांचं कसब. ते काम मोकासिनवर असतं, झग्यांवर असतं, पर्यटकांच्या दुकानांतही मिळतं. बेलमोर यांनी ते जखमेच्या टाक्यांना जोडलं. दुखापत आणि दुरुस्ती एकाच धाग्यात आणली. आणि पाश्चात्त्य चित्रकलेत पाठमोरी पहुडलेली नग्न स्त्री किती आहे ते तू मला सांगायला नको.

मावशी : शेकडो आहेत. आंग्रच्या चित्रातली तर मी मुलांना दाखवायची, पाठीची ती लांबलेली रेषा कशी काढली आहे ते सांगायला. हो, खरं आहे. ज्या देहाकडे सुख म्हणून पाहायची सवय लावली, त्याच ठेवणीत बसवून बाईंनी नजरेला घाव दाखवला. हा हात आहे. हे मी चित्र म्हणून मान्य करते, मागचं पुढचं काही माहीत नसतानाही.

भाची : त्यांचा 1987 चा पोशाखही पाहा. ब्रिटनचे ड्यूक आणि डचेस ऑफ यॉर्क थंडर बेला येणार होते, तेव्हा कलावंतांच्या मिरवणुकीत बेलमोर यांनी तो घातला होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा लाल मखमली झगा, छातीशी राजघराण्याच्या चिनीमातीच्या बश्या, आणि मागचा फुगवटा बीव्हरच्या घरट्यासारखा काटक्यांनी रचलेला, त्यात राजघराण्याच्या स्मृतिवस्तू अडकवलेल्या. बीव्हरच्या कातड्याच्या व्यापारावर तर तो सगळा वसाहतीचा डोलारा उभा राहिला. इतिहास अंगावर चढवून त्या रस्त्यानं चालल्या.

मावशी : हाही देखणा आहे. पण आता माझी खरी हरकत ऐक. ती सगळ्यात कठीण आहे. व्हँकूवरच्या रस्त्यावरचं ते काम. ‘व्हिजिल’. पाहताना माझ्या घशाशी आलं. ज्या बाया गेल्या, ज्यांच्या आया अजून वाट पाहतात, त्यांच्या मरणाचा परफॉर्मन्स करायचा हक्क कुणाला आहे?

भाची : घडलं काय होतं ते आधी सांगते, मग तू ठरव. व्हँकूवरच्या डाउनटाउन ईस्टसाइड या वस्तीतून वर्षानुवर्षं बायका नाहीशा होत होत्या. पन्नासहून अधिक. गरीब, व्यसनात अडकलेल्या, देहविक्रय करणाऱ्या, आणि त्यांत आदिवासी स्त्रियांचं प्रमाण फार मोठं. घरचे तक्रार घेऊन गेले तर पोलिसांनी गांभीर्यानं घेतलं नाही. 2002 च्या फेब्रुवारीत शहराबाहेरच्या एका डुक्करपालकाच्या शेतावर झडती सुरू झाली. पुढे त्याच्यावर 26 खुनांचे आरोप ठेवले गेले, 2007 मध्ये सहा खुनांसाठी शिक्षा झाली. 2012 च्या चौकशी अहवालानं पोलिसांच्या बेपर्वाईवर शिक्कामोर्तब केलं. बेलमोर यांनी हे काम केलं जून 2002 मध्ये, झडती चालू असताना, त्याच वस्तीतल्या एका रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिथून बाया नाहीशा झाल्या होत्या.

मावशी : आणि तिथं त्यांनी गुडघ्यांवर बसून फरशी घासली.

भाची : आधी रस्ता घासून धुतला. मेणबत्त्या लावल्या. दंडांवर काळ्या शाईनं नाहीशा झालेल्या बायांची नावं लिहिलेली होती. एकेक नाव मोठ्यानं पुकारायचं आणि प्रत्येक नावाला एक गुलाब दातांतून ओढायचा, पाकळ्या आणि काटे सोलत. मग लाल झगा चढवला. तो झगा खिळ्यांनी लाकडी खांबाला ठोकला आणि स्वतःला ओढून फाडून मोकळं केलं. पुन्हा ठोकला, पुन्हा ओढलं. झग्याच्या चिंध्या खांबावर राहिल्या.

मावशी : म्हणूनच विचारते. आईनं हे पाहिलं तर?

भाची : मलाही याचं सोपं उत्तर नाही. पण त्या कामात एकाही मृत स्त्रीचा चेहरा नाही. त्यांच्या शेवटच्या क्षणांची नक्कल नाही. वर्तमानपत्रं त्या बायांचे अटकेच्या वेळचे फोटो छापत होती, त्यांच्या जगण्यावर शिक्का मारत होती. बेलमोर यांनी फक्त नाव घेतलं, हाक मारल्यासारखं, आणि त्याची किंमत स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या अंगानं मोजली. पुढे त्या कामाच्या चित्रफितीचं विद्यापीठाच्या दालनात मांडणशिल्प केलं तेव्हा पडद्यातून विजेचे दिवे बाहेर काढले. पाहणाऱ्याला चित्र निवांत पाहता येऊ नये, मध्ये सतत दिवे यावेत, एकेका नावासाठी मेणबत्ती लावावी तसे.

मावशी : चेहरे नाहीत हे मी लक्षात घेतलं नव्हतं. ही मर्यादा त्यांनी पाळली, याला मी मान देते. तरीही माझं मत असं : रस्त्यावर, त्या वस्तीच्या लोकांसमोर केलं तोपर्यंत ते शोकाचं काम होतं. विद्यापीठाच्या दालनात गेलं तिथं ते आपल्यासारख्या दुरून पाहणाऱ्यांचं झालं. या दोहोंत फरक राहणारच.

भाची : फरक आहे, मान्य. पण दालनात गेलं नसतं तर ती नावं त्या वस्तीबाहेर कुणी ऐकली असती? कॅनडाच्या राष्ट्रीय पोलिसांनी 1980 ते 2012 मधल्या खून झालेल्या आणि बेपत्ता आदिवासी स्त्रियांचा आकडा जाहीर केला तो 2014 मध्ये, 1,181. राष्ट्रीय चौकशीचा अंतिम अहवाल आला 2019 मध्ये. बेलमोर यांनी नावं पुकारली त्याआधी सतरा वर्षं.

मावशी : बरं. मग राज्याचंच बोलू. ज्या देशानं हे सगळं होऊ दिलं, त्याच देशाच्या वतीनं या बाई 2005 मध्ये व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाला गेल्या. कॅनडाचं दालन, कॅनडाचा झेंडा. त्या देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या पहिल्या आदिवासी स्त्री म्हणून गौरव झाला. 2013 मध्ये गव्हर्नर जनरलच्या नावाचा पुरस्कारही. असा गौरव केला की सरकारला स्वस्तात प्रायश्चित्त मिळतं.

भाची : ते भय खरं आहे. पण व्हेनिसला त्यांनी काय नेलं? ‘फाउंटन’. सतत पडणाऱ्या पाण्याच्या पडद्यावर टाकलेली चित्रफीत. व्हँकूवरजवळचा आयोना किनारा, जवळ विमानतळ, सांडपाण्याचा प्रकल्प, वाहून आलेले लाकडाचे ओंडके. बेलमोर थंड पाण्यात झगडताहेत, बादली भरताहेत. शेवटी त्या बादली घेऊन सरळ कॅमेऱ्याकडे येतात आणि फेकतात. पडदा लाल होतो. पाणी रक्त होतं आणि त्यातून त्या पाहणाऱ्याकडे बघत उभ्या राहतात. यजमानाच्या तोंडावर हे मारायला त्याच्याच दालनात जावं लागतं.

मावशी : आणि विनिपेगचं मानवाधिकार संग्रहालय? त्याबद्दल मी वाचलं. 2014 मध्ये ते उघडलं तेव्हा शोल लेक 40 या समुदायानं निदर्शनं केली. विनिपेगचं पाणी त्यांच्या तळ्यातून येतं, 1919 पासून. कालव्यानं ती वस्ती तुटून बेट झाली. आणि त्यांना स्वतःला मात्र 1997 पासून पाणी उकळून प्यावं लागत होतं. 2021 पर्यंत! मानवाधिकारांच्या संग्रहालयाच्या नळाला ज्यांचं पाणी, त्यांनाच पिण्याचं पाणी नाही. त्या इमारतीत बेलमोर बाईंनी काम ठेवलं.

भाची : वीजही आठव. ज्या शहरासाठी त्यांच्या लोकांची जमीन बुडवली, तेच हे विनिपेग. म्हणून मला ‘ट्रेस’ फार मोलाचं वाटतं. संग्रहालय उभं राहिलं ते दोन नद्यांच्या संगमावर, जिथं आदिवासी लोक हजारो वर्षं भेटत आले. बांधकामाआधीच्या उत्खननात चार लाखांच्या आसपास वस्तू सापडल्या. बेलमोर यांनी तिथलीच चिकणमाती घेतली. शहरातल्या लोकांना बोलावलं, मुलांना, म्हाताऱ्यांना, आणि प्रत्येकानं मुठीत माती दाबून मणी केले. 14,000 हून जास्त. भाजून, ओवून त्यांची एक प्रचंड चादर भिंतीवर लावली. प्रत्येक मण्यावर कुणाच्या तरी मुठीच्या खुणा. संग्रहालयाला ‘आम्ही तुमच्यावर मेहेरबानी केली’ असं म्हणायला जागा ठेवली नाही. जागाच कुणाची होती ते भिंतीवर टांगलं.

मावशी : मुठीच्या खुणा हे उत्तम. त्यात पुन्हा ती चादर एकट्या कलावंताची राहत नाही. पण शोल लेकचं पाणी त्या चादरीनं आलं नाही.

भाची : ते आलं लोकांच्या लढ्यानं. कलेकडून पाण्याची टाकी मागायची नाही आपण. पण खोटं समाधान तिनं देऊ नये ही अपेक्षा ठेवायची, आणि बेलमोर यांच्या कामात ते कुठे मिळत नाही. बाजारालाही त्यांनी तसंच तोंड दिलं. एका कलाविक्रेत्यानं त्यांच्यावर मोठा दावा लावला तेव्हा 2010 मध्ये व्हँकूवर आर्ट गॅलरीबाहेर त्यांनी काम केलं, आणि आपल्या लोकांसाठी आपण दहा लाख डॉलरपेक्षा मोलाच्या आहोत अशा अर्थाचा फलक धरला.

मावशी : मग अथेन्सचा तंबू? तो तर पार वेगळ्याच मुलखातला.

भाची : 2017 चं डॉक्युमेंटा प्रदर्शन. ॲक्रोपोलिससमोरच्या फिलोपॅपूच्या टेकडीवर त्यांनी संगमरवरात कोरलेला एक छोटा तंबू ठेवला, साधा, प्रवासी वापरतात तसा. त्या काळात ग्रीसमध्ये युद्धातून पळून आलेली माणसं अशाच तंबूंत राहत होती. आत बसलं की समोर पार्थेनॉन दिसतो. संगमरवरात देव आणि राजे कोरतात. त्यांनी बेघराचं छप्पर कोरलं. ‘हे माझं नाही’ म्हणून त्या बाजूला झाल्या नाहीत, कारण घर हिसकावलं जाणं त्यांना घरचं ठाऊक होतं. आणि त्याच वर्षी कॅनडाच्या दीडशेव्या वर्धापनाचे सोहळे चालू असताना त्यांनी राष्ट्रीय उद्यानांत धातूचे मोठे शंकू ठेवले, बॅन्फ, पुकास्क्वा, ग्रोस मॉर्न अशा ठिकाणी. त्यांना कान लावायचा आणि पाण्याचा, वाऱ्याचा आवाज ऐकायचा.

मावशी : म्हणजे 1991 मध्ये बोलायला कर्णा, 2017 मध्ये ऐकायला कर्णा.

भाची : मला तर हाच सगळ्या कामाचा कणा वाटतो. पूर्वजांचं जे काही हातात आलं, ते त्यांनी दाखवायला ठेवलं नाही. त्यानं त्या बोलतात, ऐकतात, शोक करतात, हाक मारतात. वारसा वापरात ठेवला तरच तो वारसा राहतो.

मावशी : इथे मी तुझ्याबरोबर आहे, अर्ध्या वाटेपर्यंत. उरलेल्या अर्ध्या वाटेत माझ्या दोन अटी. पहिली, जसंच्या तसं जपणारी माणसंही लागतात. चौक रीतीप्रमाणे लिहिणारी सवाशीण, जुनं गाणं चुकू न देणारी धवलेरी, आजीची भाषा नातीला शिकवणारा. ती नसतील तर नवं करणाऱ्याच्या हातात काही उरणारच नाही. टाळ्या नव्या कामाला मिळतात, या माणसांना कुणी विचारत नाही.

भाची : मान्य, पूर्णपणे. आणि दुसरी?

मावशी : दुसरी, हे काम माहितीशिवाय मुकं पडतं. ‘फ्रिंज’ माझ्याशी आपणहून बोललं. पण थंडीत बसलेली बाई, तो लाल झगा, लुबिकॉन कोण आणि ती वस्ती कुठली हे कळल्याशिवाय अर्धं राहतं. पन्नास वर्षांनी कुणी सांगणारं नसेल तर?

भाची : यावर माझं मत पक्कं आहे, मावशी. ती नावं, ती धरणं, ते कायदे माहीत करून घेण्याची जबाबदारी आपली, पाहणाऱ्यांची. ज्यांची भाषा तोडली त्यांनीच पुन्हा सगळं समजावूनही सांगायचं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ही कला पाहणाऱ्याकडून कष्ट मागते आणि ते मागण्याचा तिला अधिकार आहे.

मावशी : मग ते कष्ट करणारे डोळे तयार करणं हे शिक्षकांचं काम ठरलं. आमच्या शाळांत अजूनही वारली म्हटलं की पांढरे त्रिकोण आणि गोल गिरवायला देतात, आणि मुलं नीटस काढतात, शाबासकी मिळते. माझं म्हणणं, त्या तासाला ब्रश मागाहून द्या. आधी मुलांना पाड्यावर न्या, चौक कुणासाठी लिहिला जातो, कोण लिहितं, कोण गातं ते विचारून येऊ द्या, आणि ज्यांच्या घरी तो लिहितात त्या मुलांना वर्गात आधी बोलू द्या. बेलमोर बाईंची कला मला सगळी पटली असं मी म्हणणार नाही. पण कुणाच्या वारशाला हात घालण्याआधी त्या माणसांचं ऐकायचं, हा नियम त्यांच्या कामातून निघतो, आणि तो दालनाइतकाच वर्गालाही लागू आहे.